गोंदियात हत्तीरोगाचं रक्त रात्रीच का घेतात? दीडशे वर्षांपूर्वी याचं उत्तर शोधणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. गोंदिया जिल्ह्यातलं एखादं गाव. दिवसभर धानाच्या बांधीत रोवणी करून दमलेली माणसं जेवून आडवी होण्याच्या बेतात आहेत. तेवढ्यात दारात आरोग्य खात्याची माणसं उभी राहतात. हातात काचेच्या पट्ट्या, सुया आणि एक वही. घरातल्या प्रत्येकाचं बोट टोचून दोन-तीन थेंब रक्त घ्यायचं असतं.

मग घरोघरी एकच कुरकुर सुरू होते. दिवसभर कुठे होते हे लोक? झोपायच्या वेळीच रक्त घ्यायचं काय कारण?

कारण एकदम पक्कं आहे. ज्या जंताच्या शोधात ही माणसं आलेली असतात, तो जंत घड्याळ पाळतो. दिवसा बोट टोचलं तर रक्तात जवळपास काहीच सापडत नाही. रात्री दहा ते दोनच्या दरम्यान टोचलं तर त्याच माणसाच्या एका थेंबात त्याची पिल्लं वळवळताना दिसू शकतात.

हे आपल्याला आज माहीत आहे ते एका स्कॉटिश डॉक्टरमुळे. त्याने हा शोध भारतात लावला नाही, युरोपातही नाही. चीनच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात, साध्या सूक्ष्मदर्शकावर लावला. त्या डॉक्टरचं नाव पॅट्रिक मॅन्सन.

हत्तीरोग डासामुळे होतो याची पहिली कडी याच माणसाने जोडली. एकसारख्या दिसणाऱ्या धाग्यासारख्या जंतांना वेगवेगळं ओळखायची सुरुवातही बऱ्याच अंशी त्याचीच. आणि गंमत म्हणजे या प्रवासात त्याच्या हातून मोठ्या चुकाही झाल्या.

लोखंडाच्या कारखान्यातून दवाखान्यात

पॅट्रिक मॅन्सनचा जन्म ३ ऑक्टोबर १८४४ चा. गाव स्कॉटलंडमधलं ओल्डमेलड्रम. वडील बँकेत व्यवस्थापक, घरात नऊ भावंडं. पोराला यंत्रांची आवड होती, म्हणून आईच्या माहेरच्या नातेवाईकांच्या लोखंडाच्या कारखान्यात त्याला शिकाऊ म्हणून चिकटवण्यात आलं. पण वाढत्या वयात त्याच्या पाठीच्या कण्याने दगा दिला. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि कारखान्याचा विषय तिथेच संपला.

अंथरुणावर पडल्या पडल्या पोरगं निसर्गविज्ञान वाचू लागलं आणि त्यातूनच वैद्यकाकडे वळलं. ॲबरडीन विद्यापीठात शिकून १८६५ मध्ये मॅन्सन डॉक्टर झाला. पुढच्याच वर्षी एमडी केलं. मधल्या काळात त्याने इंग्लंडमध्ये डरहॅमच्या मनोरुग्णालयात नोकरी केली.

१८६६ मध्ये तो थेट फॉर्मोसाला, म्हणजे आजच्या तैवानला निघाला. चीनच्या सागरी कस्टम खात्यात त्याला वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी मिळाली होती. बंदरात येणारी जहाजं तपासायची, आजारी खलाशांवर उपचार करायचे आणि हवामानाच्या नोंदी ठेवायच्या, असं ते काम. पाच वर्षांनी, १८७१ मध्ये, तो समुद्रापलीकडे चीनच्या मुख्य भूमीवरच्या अमॉय बंदरात आला. आज या शहराला शियामेन म्हणतात.

अमॉयमधले हत्तीपाय

अमॉयमध्ये मॅन्सनसमोर रोज जे रुग्ण यायचे, तसे रुग्ण पूर्व विदर्भातल्या जुन्या माणसांनी गावागावात पाहिलेत. एक पाय खांबासारखा सुजलेला. कातडी जाड, खरखरीत, भेगाळलेली. पुरुषांमध्ये अंडवृद्धी इतकी वाढलेली की चालणंही अवघड. कामधंदा सुटलेला, लग्न न जमलेली, घराबाहेर पडायची लाज वाटणारी माणसं.

त्या काळी या आजारावर औषध नव्हतं. होता तो फक्त चाकू. मॅन्सनने शस्त्रक्रिया करून सुजलेले भाग काढायला सुरुवात केली. तीनेक वर्षांत त्याने काढलेल्या अशा मांसाचं एकूण वजन एक टनाहून जास्त भरलं, असं त्याच्या चरित्रात सांगितलं जातं.

पण कितीही कापलं तरी नवे रुग्ण येतच राहायचे. आजार होतो कशामुळे, हेच कुणाला माहीत नव्हतं. कुणी हवेला दोष द्यायचं, कुणी पाण्याला, कुणी रक्ताच्या दोषाला.

१८७४ च्या शेवटी मॅन्सन सुट्टीवर मायदेशी गेला. १८७५ मध्ये त्याने हेन्रिएटा थरबर्न हिच्याशी लग्न केलं. पण त्याच सुट्टीत आणखी एक मोठी गोष्ट घडली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून तो हत्तीरोगावर मिळेल ते वाचत होता, आणि तिथे त्याच्या हाती भारतातून आलेलं एक काम लागलं.

कलकत्त्याचा धागा

हे काम होतं टिमोथी लुईस या लष्करी डॉक्टरचं. लुईस कलकत्त्यात होता. १८७२ मध्ये तिथल्या एका रुग्णाच्या रक्तात त्याला सूक्ष्म, धाग्यासारखे, जिवंत जंत सापडले. माणसाच्या रक्तात हे जंत पहिल्यांदाच दिसत होते. लुईसने त्यांना नाव दिलं फायलेरिया सँग्विनिस होमिनिस. अर्थ सरळ आहे : माणसाच्या रक्तातला धागाजंत.

तसं पाहिलं तर हे जंत त्याआधीही दोघांना दिसले होते. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये डेमार्के या शल्यचिकित्सकाला अंडवृद्धीच्या पाण्यात, आणि १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये ओटो वुखेरर या डॉक्टरला रुग्णाच्या लघवीत. पण दोघांनाही नेमकं काय दिसलंय याचा उलगडा झाला नव्हता.

हे सगळे जंत म्हणजे पिल्लं होती. मग त्यांचे आईबाप कुठे? याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधून आलं. १८७६ मध्ये जोसेफ बँक्रॉफ्ट या डॉक्टरला रुग्णाच्या गळवात केसासारखा लांब, पूर्ण वाढ झालेला जंत सापडला. लंडनमधले जंततज्ज्ञ थॉमस कॉबोल्ड यांनी १८७७ मध्ये त्याला बँक्रॉफ्टचं नाव दिलं. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये वुखेररच्या सन्मानार्थ वुखेरेरिया असं नाव सुचवलं गेलं.

म्हणजे एकच जंत, पॅरिस, ब्राझील, कलकत्ता आणि ब्रिस्बेन अशा चार ठिकाणी चार जणांना सापडलेला, आणि त्याची नावं भलतीच. या नावांचा गोंधळ मिटायला पुढे ४४ वर्षं लागली. १९२१ मध्ये सरा या फ्रेंच शास्त्रज्ञाने दोन्ही नावं एकत्र आणली आणि आजचं नाव रूढ झालं : वुखेरेरिया बँक्रॉफ्टी. नावाचा पहिला भाग ब्राझीलच्या डॉक्टरचा आणि दुसरा ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरचा.

हिन लो आणि डासांचं घर

लुईसचं काम वाचून मॅन्सन १८७६ मध्ये अमॉयला परतला तो एक प्रश्न डोक्यात घेऊन. रुग्णाच्या रक्तात या पिल्लांची संख्या प्रचंड असते. ही सगळी पिल्लं त्याच माणसाच्या शरीरात मोठी झाली तर माणूस जगणारच नाही. पण रुग्ण तर वर्षानुवर्षं जगतात. म्हणजे पिल्लं शरीरात वाढत नाहीत. त्यांना वाढायला बाहेर पडावंच लागत असणार.

पण बाहेर पडणार कशी? सूक्ष्मदर्शकाखाली मॅन्सनला दिसलं की प्रत्येक पिल्लू एका पातळ पिशवीत गुंडाळलेलं असतं. पोत्यात घातलेल्या सापासारखं. अशा पिल्लाला रक्तवाहिनी भेदून बाहेर येता येणार नाही. म्हणजे त्याला बाहेर काढणारं दुसरंच कुणीतरी हवं. रक्त पिणारं कुणीतरी.

पिसू, ऊ, ढेकूण, जळू हे रक्त पिणारे जीव जगात सगळीकडे आहेत. पण हत्तीरोग फक्त उष्ण, दमट भागात. मॅन्सनचा संशय डासावर स्थिरावला.

इथे गोष्टीत येतो हिन लो. हा मॅन्सनचा माळी, आणि त्याच्या रक्तात हे जंत होते. १८७७ मध्ये मॅन्सनने एक खोली तयार केली. रात्री हिन लो तिथे झोपायचा. शेजारी दिवा लावून दार काही वेळ उघडं ठेवायचे, डास आत आले की दार बंद. सकाळी हिन लोचं रक्त पिऊन टम्म फुगलेले डास भिंतीवर बसलेले असायचे. ते काचेच्या पेल्याखाली पकडायचे, तंबाखूच्या धुराने गुंगवायचे आणि बाटलीत भरायचे. मग एकेक डास उघडून त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं.

आणि मॅन्सनला ते दिसलं. डासाच्या पोटात गेल्यावर पिल्लं आपली पिशवी फाडून बाहेर येत होती. पोट भेदून छातीच्या स्नायूंत शिरत होती. तिथे जाडजूड होत होती, त्यांना तोंड आणि आतडं फुटत होतं. डासाच्या शरीरात जंत नुसता मरत नव्हता, तर पुढच्या अवस्थेत जात होता.

माणसात आजार निर्माण करणारा परजीवी एखाद्या कीटकाच्या शरीरात वाढतो, हे त्याआधी कुणीच दाखवलं नव्हतं. मलेरिया, डेंग्यू, काळा आजार, प्लेग या सगळ्यांच्या मागचं कीटकांचं गणित ज्या रस्त्यावर उलगडलं, त्या रस्त्याची सुरुवात या खोलीत आहे.

आजच्या नियमांनी पाहिलं तर हा प्रयोग कुठल्याही नैतिक समितीने मंजूर केला नसता. एका बाजूला साहेब डॉक्टर, दुसऱ्या बाजूला त्याच्याच पगारावर जगणारा माळी. त्याला नाही म्हणायचं स्वातंत्र्य कितपत होतं, हा प्रश्न उरतोच. विज्ञानाच्या पुस्तकात मॅन्सनचं नाव मोठ्या अक्षरात येतं. रात्रभर डासांना रक्त पाजणारा हिन लो तळटीपेत राहतो.

मॅन्सनचा अहवाल चीनच्या कस्टम खात्याच्या वैद्यकीय अहवालांत छापून आला. मार्च १८७८ मध्ये कॉबोल्डने तो लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचून दाखवला. त्याच वर्षी कलकत्त्यात लुईसने भारतीय डासांवर प्रयोग करून पाहिले आणि मॅन्सनचं निरीक्षण बरोबर असल्याचं सांगितलं.

घड्याळ लावून येणारा जंत

आता येऊ रात्रीच्या रक्ताकडे. मॅन्सनने रक्त तपासायला दोन चिनी सहायक शिकवून तयार केले होते. एकाला जंत भरपूर सापडायचे, दुसऱ्याला फार कमी. दुसरा कामचुकार आहे असं वाटणं सोपं होतं. पण फरक माणसात नव्हता, वेळेत होता. ज्याला जास्त जंत सापडत होते तो रात्री काम करत होता.

मग मॅन्सनने दिवसरात्र ठरावीक तासांनी रक्त घेऊन मोजणी लावली. चित्र स्पष्ट झालं. संध्याकाळी जंत रक्तात दिसू लागतात, मध्यरात्रीच्या आसपास सर्वाधिक होतात आणि सकाळी गायब होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चक्र.

ही बातमी लंडनला पोहोचल्यावर तिथल्या काही डॉक्टरांनी खिल्ली उडवली. जंत खिशात घड्याळ घेऊन फिरतात काय, अशी थट्टा झाली. पण १८८१ मध्ये लंडनमध्येच स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरने एका रुग्णावर पडताळणी केली. रुग्णाला दिवसा झोपवलं आणि रात्री जागवलं. काही दिवसांत जंतांनीही आपली वेळ उलटी केली. ते आता दिवसा रक्तात येऊ लागले.

मग दिवसा हे जंत जातात कुठे? याचं उत्तर मॅन्सनला लंडनमध्ये मिळालं. हे जंत असलेल्या एका रुग्णाचा सकाळच्या वेळी मृत्यू झाला. शवविच्छेदनात मॅन्सनला दिसलं की पिल्लं फुफ्फुसांतल्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत दाटीवाटीने लपली होती.

यामागचं गणित साधं आहे. हा जंत ज्या डासातून पसरतो तो क्युलेक्स डास रात्री चावतो. गटारं, तुंबलेल्या नाल्या, सेप्टिक टँक अशा घाण पाण्यात तो वाढतो. डास जेव्हा चावायला येणार, तेव्हाच पिल्लांनी कातडीजवळच्या रक्तात हजर राहायला हवं. म्हणून आरोग्य खात्याची माणसंही डासाच्याच वेळेला दारात येतात.

वेळेवरून पडलेली नावं

पोटातले जंत, अंकुशकृमी, नारू आणि हत्तीरोगाचे धागाजंत हे सगळे गोलकृमी. शास्त्रीय भाषेत या संघाला निमॅटोडा म्हणतात. अंग गोल, लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, आणि शरीराला भाग पाडलेले नसतात. फीतकृमी चपटे असतात, त्यामुळे ते या संघात येत नाहीत.

या संघातल्या २५ हजारांहून जास्त जातींची आजवर नोंद झाली आहे. त्यातले बरेचसे मातीत आणि पाण्यात स्वतंत्र जगतात. काही झाडांवर, काही प्राण्यांवर, तर काही माणसांवर. मॅन्सनच्या काळात धाग्यासारखा दिसणारा जंत सापडला की तो फायलेरिया नावाच्या एकाच खणात टाकायची पद्धत होती. घरात एक ड्रॉवर असतो ना, ज्यात बॅटरी, दोरा, बिलं, चाव्या सगळंच जातं, अगदी तसं.

मॅन्सनने हा ड्रॉवर आवरायला घेतला. लंडनला आल्यावर त्याच्याकडे आफ्रिका आणि कॅरिबियन भागातून रक्ताच्या पट्ट्या येऊ लागल्या. त्यातली पिल्लं वरवर सारखी दिसत होती, पण वागत वेगळी होती. १८९१ मध्ये त्याने त्यांना वागण्यावरून नावं दिली.

रात्री येणारा तो फायलेरिया नॉक्टर्ना. हाच आपल्याकडच्या हत्तीरोगाचा जंत.

दिवसा येणारा तो फायलेरिया डायर्ना. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. पुढे कळलं की ही लोआ लोआ नावाच्या जंताची पिल्लं आहेत. हा जंत कधीकधी माणसाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सरकताना दिसतो. त्याचा वाहक डास नाही, तर दिवसा चावणारी एक माशी आहे. मॅन्सनचा या माशीवर आधीच संशय होता. पुढे त्याच्याच तालमीतल्या रॉबर्ट लायपरने तो खरा ठरवला.

दिवसरात्र रक्तात असणारा तो फायलेरिया पर्स्टन्स. हा आकाराने लहान, आणि त्याच्या पिल्लांभोवती पिशवी नसते.

१८९७ मध्ये ब्रिटिश गियानातून आलेल्या रक्तातल्या आणखी एका जंताला मॅन्सनने तिथल्या डॉक्टर ओझार्डचं नाव दिलं.

वेळेवरून नाव देणं ही सुरुवात होती. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यात शरीराच्या खुणा जोडल्या. पिशवी आहे की नाही? शेपटीच्या टोकापर्यंत पेशींची केंद्रकं पोहोचतात की नाही? वुखेरेरियाच्या शेपटीचं टोक रिकामं असतं. ब्रुगिया मलायी या जंताच्या टोकाशी दोन केंद्रकं दिसतात. हा ब्रुगियाही हत्तीरोगच घडवतो आणि भारतात तो मुख्यतः केरळमध्ये आढळला. आपल्या विदर्भातला जंत मात्र वुखेरेरिया.

फायलेरियाचा ड्रॉवर असा रिकामा होत गेला. त्यातल्या पर्स्टन्स आणि ओझार्डी या जंतांना पुढे एक स्वतंत्र प्रजाती मिळाली. तिचं नाव आहे मॅन्सोनेला. ज्याने हे जंत वेगळे काढले, त्याचंच नाव त्यांना लागलं.

नावाने काय फरक पडतो?

हे सगळं वाचून वाटेल की जंताचं नाव काहीही असो, गोळी तर एकच द्यायची ना? तर नाही. इथेच खरी मेख आहे.

हत्तीरोगासाठी वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन हे औषध लोआ लोआची पिल्लं रक्तात खूप जास्त असलेल्या माणसाला दिलं, तर मेंदूला सूज येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. डीईसी गोळीचंही तसंच. म्हणून मध्य आफ्रिकेत लोआ असलेल्या भागात औषध वाटताना वेगळी काळजी घ्यावी लागते. आणि मॅन्सोनेला पर्स्टन्सवर ही औषधं फारशी चालतच नाहीत.

भारतात लोआ लोआ नाही. म्हणूनच आपल्याकडे गावच्या गाव डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या निर्धास्तपणे वाटता येतात, आणि काही जिल्ह्यांत त्यात आयव्हरमेक्टिनही जोडता येतं. हा निर्धास्तपणा वर्गीकरणातून आला आहे. कोणत्या मुलखात कोणता जंत, हे कुणीतरी बसून वेगळं केलं म्हणून.

मॅन्सनच्या दोन मोठ्या चुका

हुशार माणूस चुकतच नाही, असं काही नसतं. मॅन्सनची पहिली चूक डासाबद्दल होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणे डास आयुष्यात एकदाच रक्त पितो, पाण्यावर अंडी घालतो आणि मरतो, असं तो धरून चालला. त्याच्या बाटल्यांतले डासही काही दिवसांत मरत होते. मग जंत पुन्हा माणसात जातो कसा? मॅन्सनचं उत्तर होतं, मेलेल्या डासातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात.

हे चूक होतं. पण ही चूक पुढची वीसेक वर्षं पुस्तकांत टिकली. ती दुरुस्त झाली जोसेफ बँक्रॉफ्टच्या मुलामुळे. थॉमस बँक्रॉफ्टने ब्रिस्बेनमध्ये डासांना अन्न देऊन जास्त दिवस जगवून दाखवलं. त्याने पाठवलेले डास लंडनमध्ये मॅन्सनच्याच सहकाऱ्याने, जॉर्ज लो याने १९०० मध्ये तपासले. जंत डासाच्या सोंडेत येऊन थांबलेले दिसले. म्हणजे पाण्यातून नाही, डास चावतानाच जंत माणसात शिरतो. त्याच वर्षी दक्षिण भारतात सिडनी प्राइस जेम्स या डॉक्टरलाही हेच आढळलं.

दुसरी चूक आफ्रिकेतल्या निद्रारोगाबद्दल. त्या रुग्णांच्या रक्तात पर्स्टन्स जंत दिसतो म्हणून तोच कारण असेल, असं मॅन्सनला वाटलं. ते तपासायला १९०२ मध्ये युगांडात पथक गेलं, आणि त्यातही लो होता. जिथे निद्रारोग तिथे हा जंत आणि जिथे हा जंत तिथे निद्रारोग, हा हिशोब जुळला नाही. खरं कारण वेगळाच परजीवी निघाला.

दोन्ही वेळा मॅन्सनच्या चुका त्याच्याच माणसांनी खोडल्या, आणि त्याने त्यांना अडवलं नाही.

हाँगकाँग, लंडन आणि रॉस

१८८३ मध्ये मॅन्सन हाँगकाँगला गेला. तिथे त्याने खासगी दवाखाना थाटला, लोकांना स्वच्छ दूध मिळावं म्हणून डेअरी सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि १८८७ मध्ये चिनी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय उभं करण्यात मोठा वाटा उचलला. त्या महाविद्यालयाचा एक विद्यार्थी पुढे चीनच्या क्रांतीचा नेता झाला : सन यत-सेन. १८९६ मध्ये लंडनमधल्या चिनी वकिलातीने सन यत-सेनला कोंडून ठेवलं, तेव्हा त्याची सुटका करण्यासाठी धावपळ करणाऱ्यांत मॅन्सनही होता.

१८८९ मध्ये भरपूर पैसा गाठीशी बांधून तो मायदेशी परतला. पण चिनी चलनाची किंमत घसरली आणि निवृत्तीचा बेत फसला. पुन्हा दवाखाना काढावा लागला, यावेळी लंडनमध्ये.

इथेच १८९४ मध्ये त्याची भेट रोनाल्ड रॉसशी झाली. रॉस भारतातल्या सैन्यसेवेतला डॉक्टर, सुट्टीवर आलेला. मॅन्सनने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा परजीवी दाखवला आणि हाही डासातूनच पसरत असावा, ही कल्पना त्याच्या डोक्यात घातली. रॉस भारतात परतला आणि दोघांत पत्रांचा सपाटा सुरू झाला. मॅन्सनच्या चुकीच्या सिद्धांतामुळे रॉसने आधी डास मेलेलं पाणी माणसांना पाजून पाहिलं. अखेर २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादमध्ये त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्याने पूर्ण साखळी जुळवली.

१९०२ चं नोबेल रॉसला मिळालं. मॅन्सनला मिळालं नाही. पुढे दोघांचे संबंधही बिघडले.

मलेरियाबद्दल कुणाला शंका उरू नये म्हणून १९०० मध्ये मॅन्सनने एक प्रयोग केला. इटलीतून मलेरियाचे डास लंडनला मागवले आणि ते चावून घेतले त्याच्याच मुलाने. पोरगा मलेरियाने आजारी पडला, क्विनाइनने बरा झाला. पण दोनच वर्षांनी, १९०२ मध्ये, ख्रिसमस बेटावर बंदुकीच्या अपघातात तो गेला. या धक्क्यातून सावरणं मॅन्सनला फार जड गेलं.

तोवर त्याने बरंच काही उभं केलं होतं. १८९८ मध्ये उष्ण कटिबंधातल्या आजारांवरचं त्याचं पुस्तक आलं. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही त्याच्याच नावाने निघतात. १८९९ मध्ये लंडनमध्ये या आजारांचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. अर्थात, या संस्थेमागे ब्रिटिश साम्राज्याचा स्वार्थही होता. वसाहतींत गोरे अधिकारी आणि व्यापारी तग धरून राहावेत, ही सरकारची पहिली गरज होती. तिथल्या गरीब रुग्णांचा नंबर नंतर लागायचा. मॅन्सन स्वतः वसाहत खात्याचा वैद्यकीय सल्लागार होता.

१९०३ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. संधिवाताने तो बेजार असायचा. १९१२ मध्ये निवृत्त होऊन तो मासेमारीसाठी आयर्लंडला जाऊन राहू लागला. ९ एप्रिल १९२२ रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं आणि ॲबरडीनमध्ये त्याला पुरलं.

आणि आज, गोंदियात

मॅन्सन गेला त्याला शंभर वर्षं उलटून गेली. भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला आणि २००४ पासून सामुदायिक औषधोपचार मोहिमा. देशातून हत्तीरोग संपवण्यासाठी सरकारने २०२७ चं लक्ष्य ठेवलं आहे. नारू हा दुसरा गोलकृमी आपण आधीच हद्दपार केलाय. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हा पट्टा हत्तीरोगाच्या जुन्या मुलखांपैकी एक. इथे अडचण अशी आहे की जंत असलेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो. पूर्ण वाढलेले जंत लसिकावाहिन्यांत पाच-सात वर्षं जगतात, मादी पिल्लं सोडत राहते, आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. तोवर डास त्याचं रक्त पिऊन शेजाऱ्याकडे जात राहतो. पाय सुजतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. सूज एकदा वाढली की गोळ्यांनी ती पूर्वीसारखी होत नाही.

म्हणून गोळ्या निरोगी दिसणाऱ्यांनाही देतात. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर महिला आणि गंभीर आजारी माणसांना देत नाहीत. गोळी घेतल्यावर कुणाला ताप, डोकेदुखी, मळमळ झाली तर घाबरून जातात आणि पुढच्या वर्षी गोळी खिशात टाकून मोकळे होतात. पण बहुतेक वेळा तो त्रास रक्तातली पिल्लं मरत असल्यामुळे होतो. म्हणजे ज्याला त्रास झाला, त्यालाच गोळीची सगळ्यात जास्त गरज होती. त्रास जास्त वाटला तर दवाखान्यात दाखवायचं, एवढंच.

ज्यांचा पाय आधीच सुजलाय त्यांच्यासाठीही करण्यासारखं आहे. पाय रोज साबण-पाण्याने धुवून कोरडा ठेवणं, भेगा आणि जखमा सांभाळणं, पाय उंचावर ठेवणं, यामुळे वारंवार येणारा ताप आणि सूज कमी होते. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते. लाजेपोटी घरात बसून राहण्याचं काहीच कारण नाही.

आता अशा चाचणीच्या पट्ट्याही आल्यात, ज्या दिवसाच्या रक्तातूनही वुखेरेरियाचा अंश ओळखतात. पण पिल्लं डोळ्यांनी पाहायची तर आजही रात्रीचं रक्त लागतंच.

त्यामुळे पुढच्या वेळी रात्री साडेनऊला कुणी काचेची पट्टी घेऊन दारात आलं, तर बोट पुढे करा. ही वेळ आरोग्य खात्याने ठरवलेली नाही. ती जंताने ठरवली आहे. आणि त्याचं हे वेळापत्रक जगाला कळलं ते अमॉयमध्ये दिवसरात्र घेतलेल्या रक्तामुळे.